साखरेच्या कार्डावर हिरड्यांची एक ओळ हवी

प्रति,
मा. मंत्री महोदय,
सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र राज्य

प्रत: आयुक्त, आरोग्य सेवा, जिल्हा शल्यचिकित्सक, जिल्हा आरोग्य अधिकारी

विषय: मधुमेही रुग्णांच्या हिरड्यांची तपासणी आणि उपचार हा सरकारी मधुमेह-उपचाराचाच भाग करण्याबाबत.

महोदय,

आम्ही मधुमेही आहोत. आमच्यातले बरेच जण दर महिन्याला ग्रामीण रुग्णालयात बीपी-शुगरच्या खिडकीपुढे रांग लावतात, बोट टोचून घेतात, मेटफॉर्मिनच्या पट्ट्या पिशवीत टाकतात आणि परतीची एसटी गाठतात. या सेवेबद्दल आमची तक्रार नाही. गोळ्या बहुतेक वेळा मिळतात, सिस्टर नावानिशी ओळखतात. पायाला मुंग्या येतात का, हे विचारले जाते. डोळे तपासून घ्या, असे सांगितले जाते. तोंड उघडून दाखवा, असे मात्र कुणी म्हणत नाही. त्याच वऱ्हांड्यात, चार दारे सोडून, दातांचा विभाग असतो. दोन्हीकडे आमचे वेगवेगळे केसपेपर निघतात आणि एका दाराचा कागद दुसऱ्या दारी पोचत नाही.

आमच्या संघटनेच्या बैठकांत पाय, डोळे आणि मूत्रपिंड यांवर तासन्‌तास बोलणे होते. दातांचा विषय निघाला की हशा होतो. ‘वयच झालं, आता कवळी बसवायची,’ असे म्हणून माणसे पुढच्या विषयाकडे वळतात. चाळिशीत दाढा हलू लागलेला माणूसही हेच म्हणतो, तेव्हा ते वय नसते. खाली मांडलेल्या मागण्या या समजुतीच्या विरुद्ध आहेत आणि त्यांतल्या निम्म्या खर्चाच्या नाहीत, सवय बदलण्याच्या आहेत.

आमचे म्हणणे

हिरड्यांचा जुना आजार, ज्याला आपल्याकडे सर्रास पायरिया म्हणतात, आणि रक्तातली वाढलेली साखर ही दोन्ही एकमेकांना खतपाणी घालतात. हे कसे घडते, ते थोडक्यात सांगणे भाग आहे, कारण मागण्यांचा आधार तोच आहे.

माणसाच्या तोंडात शेकडो जातींचे जिवाणू राहतात आणि त्यांतले बहुतेक निरुपद्रवी असतात. दात आणि हिरडी जिथे भेटतात तिथे त्यांचा मऊ, चिकट थर साचतो. तो रोज निघाला नाही तर लाळेतल्या क्षारांनी कडक होतो. यालाच आपण कीटण म्हणतो. हिरडी सुजते, रक्ताळते आणि हळूहळू दातापासून सुटी होऊन तिथे खाच तयार होते. निरोगी हिरडीत ही खाच एक ते तीन मिलिमीटर असते. चार किंवा त्याहून खोल गेली की आत हवा पोचत नाही, ब्रश तर नाहीच नाही, आणि प्राणवायूवाचून वाढणाऱ्या जिवाणूंना ती जागा मानवते. पॉर्फिरोमोनास जिंजिव्हालिस, टॅनेरेला फोर्सिथिया आणि ट्रेपोनेमा डेंटिकोला या तिघांची टोळी अशा खोल खाचांत एकत्र सापडते, हे सिग्मंड सोक्रान्स्की आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली दाखवले. दंतवैद्यकात तिला ‘लाल गट’ म्हणतात. यांच्याशी झुंजताना शरीर जी दाहक रसायने सोडते (टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-६ ही त्यांतली नेहमीची) ती हिरडीपुरती थांबत नाहीत. रक्तातून ती यकृतात, स्नायूंत, चरबीत पोचतात आणि तिथे इन्सुलिनचा आदेश पुरता ऐकला जात नाही. परिणामी साखर रक्तातच राहते.

उलट दिशेनेही तेच चालते. साखर वाढलेली असली की हिरडीतून पाझरणाऱ्या द्रवातही ती वाढते, पांढऱ्या पेशींची झुंजण्याची ताकद घटते, बारीक रक्तवाहिन्या बिघडतात आणि जखम भरायला वेळ लागतो. प्रथिनांना साखर चिकटून जे पदार्थ तयार होतात ते दाह आणखी पेटता ठेवतात. लाळ कमी होते, तोंड कोरडे पडते, थर अधिक साचतो. हाड झिजते आणि एक दिवस भाकरीचा घास चावताना दात हलल्याचे कळते. तोवर बहुधा काहीच दुखलेले नसते.

सगळी अडचण या न दुखण्यात आहे. मध्यम ते तीव्र आजारात सर्व दातांभोवतीच्या दाह झालेल्या खाचांचे क्षेत्रफळ एकत्र धरले तर ते साधारण ८ ते २० चौरस सेंटिमीटर भरते, असे मोजमाप प्रसिद्ध आहे. एवढी उघडी, जिवाणूंनी भरलेली जखम एखाद्या मधुमेह्याच्या तळपायाला दिसली असती तर त्याच दिवशी त्याला दाखल करून घेतले असते. तोंडातली आहे, म्हणून ती वर्षानुवर्षे तशीच राहते.

पुरावा किती पक्का आहे

हा संबंध आजकालचा शोध नाही. नॉर्वेचे दंतसंशोधक हाराल्ड लो यांनी १९६५ साली डेन्मार्कमध्ये १२ निरोगी माणसांना दात घासणे थांबवायला सांगितले. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या आणि घासणे पुन्हा सुरू केल्यावर सुधारल्या. जिवाणूंचा थर हेच मूळ, हे त्यातून सिद्ध झाले. याच लो यांनी १९९३ मध्ये हिरड्यांच्या आजाराला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटले. डोळे, मूत्रपिंड, मज्जातंतू, मोठ्या रक्तवाहिन्या आणि जखम न भरणे या पाच आधीच्या. आमच्या कार्डावर त्या पाचांपैकी बहुतेकांसाठी जागा आहे. सहावीसाठी, तीस वर्षे उलटली तरी, नाही.

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात गिला नदीकाठी राहणाऱ्या पिमा लोकांत मधुमेहाचे प्रमाण फार मोठे आहे. त्यांचा अभ्यास अनेक दशके चालला. साखर बऱ्यापैकी ताब्यात असलेल्या पण हिरड्यांचा तीव्र आजार असलेल्या लोकांची साखर पुढच्या दोन-एक वर्षांत हाताबाहेर जाण्याचा धोका जास्त होता, हे त्यातून १९९६ मध्ये पुढे आले. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत याच समाजातल्या मधुमेह्यांमध्ये, हिरड्या फार खराब असलेल्यांचा हृदयविकाराने वा मूत्रपिंडाच्या विकाराने मृत्यू होण्याचा धोका इतरांच्या ३.२ पट आढळला.

पण संबंध दिसणे वेगळे आणि उपचाराने फरक पडणे वेगळे. आम्ही सरकारकडे उपचार मागतो आहोत, त्यामुळे दुसऱ्या गोष्टीचा पुरावा देणे आमच्यावर आहे. तो एकमुखी नाही, हेही आम्हीच सांगतो, म्हणजे मंत्रालयातल्या कुणा अधिकाऱ्याला ते शोधून आमच्यापुढे ठेवायला नको. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ५१४ रुग्णांच्या चाचणीत हिरड्यांच्या उपचारानंतर सहा महिन्यांनी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेत, म्हणजे एचबीए१सीमध्ये, काहीच फरक पडला नाही. त्यावर दंतवैद्यकातून आक्षेप आला, की उपचारानंतरही त्या रुग्णांच्या दातांवर थर आणि हिरड्यांत रक्तस्राव भरपूर उरला होता. मूळ दाहच पुरता शमला नाही तर साखर कशी उतरावी? मग लंडनमधल्या २६४ रुग्णांच्या चाचणीत कसून आणि वर्षभर पाठपुरावा करून उपचार केले गेले. २०१८ च्या त्या निष्कर्षांत, नुसती वरवरची सफाई झालेल्यांच्या तुलनेत एचबीए१सी ०.६ टक्क्याने कमी राहिले. पुढे २०२२ मध्ये कॉक्रेनच्या आढाव्यात ३५ चाचण्या आणि तीन हजारांहून जास्त रुग्ण एकत्र तोलले गेले. उपचारानंतर तीन-चार महिन्यांनी सरासरी ०.४३ टक्के आणि सहा महिन्यांनी ०.३० टक्के घट दिसली. पुराव्याची खात्री मध्यम प्रतीची, असे आढावा घेणाऱ्यांनीच नोंदवले आहे.

०.४३ म्हणजे किती? नवी गोळी सुरू केल्यावर जेवढे अपेक्षित असते त्याहून थोडे कमी. ब्रिटनमधल्या मधुमेहाच्या मोठ्या दीर्घ पाहणीत, ज्यांचे एचबीए१सी १ टक्क्याने कमी होते त्यांच्यात डोळे-मूत्रपिंडांच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या गुंतागुंती ३७ टक्क्यांनी कमी आढळल्या होत्या. म्हणजे अर्धा टक्काही टाकाऊ नव्हे. शिवाय दात टिकतात, हा लाभ कुठल्याच गोळीत नाही.

आमचा दावा एवढाच आहे. हिरड्या साफ केल्याने मधुमेह बरा होतो, असे आम्ही म्हणत नाही. तसे सांगून मंजन विकणारे बाजारात पुष्कळ आहेत. गोळ्या, इन्सुलिन, चालणे आणि पथ्य यांची जागा स्केलिंग घेणार नाही. पण ज्याची साखर गोळ्यांचा डोस वाढवूनही उतरत नाही, त्याचे तोंड एकदा तरी पाहायला हवे.

मागणी पहिली: कार्डावर हिरड्यांची नोंद

मधुमेहाचे निदान झाल्यावर लगेच आणि त्यानंतर वर्षातून एकदा प्रत्येक रुग्णाच्या हिरड्यांची नोंद त्याच्या बीपी-शुगरच्या कार्डावर व्हावी. त्यासाठी दंतवैद्य लागत नाही. घासताना किंवा खाताना रक्त येते का, दात हलतात का, हिरडी सुजून पू येतो का, दंतवैद्याला शेवटचे कधी दाखवले, एवढे चार प्रश्न आणि टॉर्चच्या उजेडात एक नजर. समुदाय आरोग्य अधिकारी किंवा सिस्टर हे दोन मिनिटांत करू शकतात.

दोन मिनिटेसुद्धा कुठून आणायची, हा प्रश्न येणार. उत्तर खात्याच्या कार्यक्रमातच आहे. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तीस वर्षांवरील प्रत्येकाची मधुमेह आणि रक्तदाबासाठी दरवर्षी, तर तोंडाच्या कर्करोगासाठी पाच वर्षांतून एकदा तपासणी ठरलेली आहे. आशाताई घरोघरी जाऊन जो तपासणी-फॉर्म भरतात त्यात तोंडातल्या चट्ट्यांविषयी प्रश्न आहेत. म्हणजे तोंड उघडले जाते, टॉर्च मारला जातो, गाल आणि जीभ पाहिली जाते. त्याच उजेडात, त्याच तोंडात हिरड्याही असतात. गालावरून त्यांच्यावर नजर फिरवायला नवा कार्यक्रम आखावा लागत नाही. इतके जवळ येऊनही मधुमेहाशी जोडून त्यांच्याकडे बघितले जात नाही, याला आम्ही निव्वळ नमुन्यातली चूक म्हणतो. नमुन्यातला रकाना चुकला की हजारो हात रोज तीच चूक करतात.

जगात हे इतरत्र सुरू झाले आहे. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने जून २०२२ मध्ये मधुमेहाच्या मार्गदर्शक सूचना बदलल्या आणि हिरड्यांच्या आजाराचा धोका रुग्णाला वार्षिक तपासणीत सांगावा, असे घातले. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने तर २००९ मध्येच तोंडाच्या आरोग्यावर वेगळी मार्गदर्शिका काढली होती. दंतवैद्यांनी आपल्या बाजूचे काम केव्हाच केले आहे: हिरड्यांच्या आजाराच्या २०१८ च्या नव्या वर्गीकरणात मधुमेह्याचे एचबीए१सी ७ किंवा अधिक असेल तर त्याचा आजार सर्वांत वेगाने बिघडणाऱ्या श्रेणीत धरला जातो. दंतवैद्याच्या कागदावर साखर आली. साखरेच्या कागदावर हिरडी यायची बाकी आहे.

या ओळीत एका औषधाचाही उल्लेख असावा. आमच्यातल्या अनेकांना रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन चालू आहे. काही जणांत त्याने हिरड्या फुगतात. ते ओळखले गेले तर डॉक्टर गोळी बदलू शकतात. न ओळखल्यास माणूस मंजने बदलत बसतो.

मागणी दुसरी: दोन्ही दारांतून कागद जावा

नोंदीत दोष दिसला तर त्याच दिवशी, त्याच केसपेपरवर दातांच्या विभागात पाठवावे. नवी चिठ्ठी, नवी रांग, पुढच्या आठवड्याची तारीख नको. रोजंदारीवरच्या माणसाचा खाडा पडतो आणि तो परत येत नाही. उलट दातांच्या विभागातही ग्लुकोमीटर असावा. तीस वर्षांवरच्या ज्या माणसाच्या हिरड्या वयाच्या मानाने फार खराब आहेत त्याचे बोट तिथेच टोचावे. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटी १० लाख मधुमेही आणि त्याहून जास्त, १३ कोटी ६० लाख, मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. शेजारच्या गोव्यात प्रमाण २६.४ टक्के, देशात सर्वाधिक. यांतल्या कितीतरी जणांना आपल्याला साखर आहे हे ठाऊक नसते. दाढ दुखते म्हणून मात्र ते कधी ना कधी येतात.

मागणी तिसरी: दात काढणे हाच एक उपचार राहू नये

आमच्या सभासदांचा सर्वसाधारण अनुभव असा, की सरकारी दातांच्या विभागात दात काढून मिळतो. खोल सफाई मिळेलच असे नाही. कुठे दंतशल्यचिकित्सकाचे पद रिकामे, कुठे ते भरलेले पण कॉम्प्रेसर बंद, कुठे स्केलर आहे पण त्याच्या टिप संपलेल्या. एका ठिकाणी खुर्ची चालू, पाणी बंद. डॉक्टरांना दोष देण्यात अर्थ नाही; हाती चिमटाच असेल तर चिमटाच वापरला जाणार.

म्हणून प्रत्येक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात ही पदे भरावीत आणि अल्ट्रासॉनिक स्केलर, त्याच्या पुरेशा टिप, हाताने मुळे साफ करण्याची हत्यारे, खाच मोजायची खुणांची सळई आणि चालू ऑटोक्लेव्ह यांचा साठा औषधांसारखाच मासिक अहवालात धरावा. टिप संपणे हे मेटफॉर्मिन संपण्याइतकेच गंभीर मानले जावे.

आणि एकदा सफाई करून काम संपत नाही. लंडनच्या चाचणीत फरक पडला तो पाठपुराव्याने. हिरड्यांच्या रुग्णाला सहसा तीन महिन्यांनी पुन्हा बोलावतात आणि साखर ताब्यात नसलेल्याचे एचबीए१सीही तीन महिन्यांनीच करतात. दोन्ही तारखा एकाच दिवशी ठेवता येतात. बाह्यरुग्ण विभागात त्यासाठी आठवड्यातला एक वार ठरवून द्यावा आणि तो फलकावर लिहावा.

इथे एक सांगायला हवे: आम्हाला शिबिरे नकोत. मंडप, हारतुरे, फीत कापणे, टूथपेस्टची छोटी ट्यूब आणि फोटो. दोन-तीनशे तोंडे पाहून झाली की दात हलतात, तालुक्याला दाखवा, असा सल्ला. तालुक्याला काय आहे, ते वर आले आहे. शिबिरांवरचा पैसा टिपांवर खर्च करावा.

मागणी चौथी: ‘आधी साखर कमी करून या’ याला लेखी उत्तर

हा अनुभव इतक्या जणांनी सांगितला आहे की त्याला स्वतंत्र मागणीचे स्थान द्यावे लागले. दात किंवा हिरडीच्या तक्रारीने मधुमेही जातो. साखर तीनशेच्या घरात निघते. आधी शुगर उतरवा, मग हात लावू, असे सांगून परत पाठवतात. तो शुगरच्या खिडकीवर येतो, डोस वाढतो, साखर फारशी उतरत नाही, कारण तोंडातला संसर्गच तिला चढवतो आहे. मग दुसरी फेरी. दरम्यान वेदनाशामक गोळ्या आणि मेडिकलवाल्याने दिलेली अँटिबायोटिक.

दंतवैद्यांची भीती निराधार नाही. साखर फार वाढलेली असताना दात काढला तर जखम चिघळू शकते, खुर्चीवर बसल्याबसल्या साखर एकदम घसरूही शकते. पण पू झालेल्या हिरडीला किंवा दाढेला निचरा देणे वाट पाहण्याची गोष्ट नाही, आणि हिरड्यांवरचे कीटण काढणे हे दात उपटण्याइतके जोखमीचे नाही. कोणत्या साखरेला कोणता उपचार थांबवावा, कोणता थांबवू नये, इन्सुलिन घेणाऱ्याला नाश्ता आणि डोस घेऊन सकाळची वेळ द्यावी, फिजिशियनशी फोनवर बोलून त्याच दिवशी निर्णय घ्यावा, अशी एक पानाची राज्यस्तरीय कार्यपद्धती शासकीय दंत महाविद्यालये आणि वैद्यकीय महाविद्यालये यांच्या तज्ज्ञांनी मिळून लिहावी. मग ‘साखर कमी करून या’ म्हणणाऱ्याला कारण लिहून द्यावे लागेल.

मागणी पाचवी: मशेरी

आपल्याकडे, विशेषतः खेड्यातल्या बायकांत, तंबाखू भाजून केलेल्या मशेरीने दात घासण्याची सवय जुनी आहे. २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते. त्यात मशेरीही आली. दंतमंजनात तंबाखू घालून विकण्यावर केंद्र सरकारने १९९२ मध्येच बंदी घातली, पण मशेरी तव्यावर घरी भाजली जाते आणि तिला कुठला कायदा लागू होणार? निकोटिनने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आक्रसतात. त्यामुळे आजार आत वाढत असताना रक्त कमी येते आणि बाईला वाटते, मशेरीने हिरड्या घट्ट झाल्या. त्याच भरवशावर पुढची पंधरा वर्षे जातात.

म्हणून पहिल्या मागणीतल्या चार प्रश्नांत पाचवा जोडावा: दात कशाने घासता? मशेरी वापरणाऱ्या मधुमेही बाईला रक्त येत नाही म्हणून ‘ठीक’ अशी खूण करू नये. ती सोडवण्याचे काम आशाताईंकडे द्यायचे असेल तर त्याचा मोबदलाही द्यावा, त्यांच्यावर आधीच पुष्कळ कामे फुकट लादली आहेत. ज्या घरात एकाच ब्रशवर दोघे भागवतात तिथे ब्रश आणि साधी फ्लोराइडची पेस्ट गोळ्यांच्या पाकिटाबरोबर द्यावी.

मागणी सहावी: दात गेलेल्यांचे काय?

आहारतज्ज्ञांचा कागद आमच्या प्रत्येकाकडे आहे. ज्वारी-बाजरीची भाकरी, मोड आलेली कडधान्ये, काकडी, मुळा, गाजर, मूठभर शेंगदाणे. दाढा गेलेल्या माणसाने हे कशाने चावायचे? तो मऊ भात, पेज, चहात बुडवलेली खारी आणि बिस्किटे खातो, आणि साखर वाढल्यावर पथ्य पाळत नाही म्हणून बोलणी खातो. दात नसलेल्यासाठी वेगळा आहार-कागद काढावा. कुटलेली भाकरी, शिजवून घोटलेली कडधान्ये आणि पालेभाजी, नाचणीची पातळ आंबील त्यात असावी. आणि साधी कवळी सरकारी दवाखान्यात माफक दरात मिळावी. महात्मा फुले जन आरोग्य योजना मुळात दाखल होऊन करायच्या उपचारांसाठी आखली आहे. हिरड्यांचे आणि कवळीचे काम तिच्यात बसत नसेल तर त्यासाठी बाह्यरुग्ण पातळीवरची वेगळी तरतूद करावी.

मागणी सातवी: आमच्याच माणसांवर मोजणी

वर दिलेला पुरावा ॲरिझोना, लंडन अशा ठिकाणचा आहे. तंबाखू, मशेरी, आहार, उशिरा होणारे निदान ही आपली परिस्थिती निराळी आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत, त्यांच्या आसपास वैद्यकीय महाविद्यालयेही आहेत. दोन-तीन तालुके निवडून तिथे पहिल्या चार मागण्या वर्षभर अमलात आणाव्या, सुरुवातीचे आणि शेवटचे एचबीए१सी मोजावे आणि निकाल, अनुकूल असो वा प्रतिकूल, मराठीत जाहीर करावा. फरक पडला नाही असे निघाले तर आम्ही ते मान्य करू आणि दात टिकवण्यापुरतीच मागणी ठेवू.

आमच्याकडून

मागण्या करून हात झटकायचा आमचा विचार नाही. ‘सफाई केली की दात सैल होतात’ ही आमच्याच लोकांची समजूत आहे. कीटणाने धरून ठेवलेले, मुळात सैल झालेले दात सफाईनंतर हलताना जाणवतात, फटी दिसू लागतात, म्हणून ती पसरली. वरची दाढ काढली तर डोळा जातो, ही दुसरी. दोन्हींविरुद्ध गावोगावच्या बैठकांत बोलायची जबाबदारी संघटना घेते. कार्डावरचा रकाना छापून आल्यावर तो भरला जातो की नाही, हे प्रत्येक सभासद स्वतःच्या कार्डावर पाहील. रिकामा दिसल्यास सिस्टरशी भांडणार नाही, ‘एवढं बघून द्या’ म्हणून कार्ड पुढे करील. ठरलेल्या वाराला नेमलेले रुग्ण हजर राहतील, याचीही हमी आम्ही देतो. गैरहजर राहणाऱ्याच्या घरी आमचा माणूस जाईल.

पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या मागणीला नवी इमारत किंवा नवी पदे लागत नाहीत; दातांच्या विभागाला एक ग्लुकोमीटर सोडला तर यंत्रही लागत नाही. एक परिपत्रक, एक सुधारित कार्ड आणि एका पानाची कार्यपद्धती एवढ्यावर त्या सुरू होऊ शकतात. १४ नोव्हेंबरला मधुमेह दिन येतो आणि त्या दिवशी दरवर्षी जिल्ह्याजिल्ह्यांत कार्यक्रम होतात. या वर्षी त्याआधी हे परिपत्रक निघावे. तिसऱ्या आणि सहाव्या मागणीसाठी पुढच्या अर्थसंकल्पात तरतूद व्हावी. या विषयावर चर्चेसाठी संघटनेच्या प्रतिनिधींना, शक्यतो एका फिजिशियनच्या आणि एका दंतवैद्याच्या उपस्थितीत, वेळ द्यावी ही विनंती. बैठक दुपारी जेवणाच्या वेळेनंतर ठेवावी. आमच्यातले निम्मे इन्सुलिनवर आहेत.

आपले,
अध्यक्ष, सचिव आणि सर्व सभासद
मधुमेही रुग्ण व कुटुंबीयांची संघटना